सपरीतली लढाई

कोंढा हे भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातले गाव. तिथे आमच्या एका मित्राचे वडिलोपार्जित घर आहे आणि दिवाळीनंतर दोन-तीन दिवस आम्ही चार-पाच मित्र तिथे जमतो. दोन वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने सोबत एक मोठे खोके आणले होते. त्यात प्लॅस्टिकची शंभरावर चित्रे होती. माणूस साधारण २८ मिलिमीटर उंच, आणि त्याच मापाने केलेले बुटके, राक्षस, हाडांचे सापळे, पंख असलेले सर्प. प्रत्येक चित्र त्याने स्वतः बारीक कुंचल्याने रंगवले होते. जोडीला मोजपट्टी, मूठभर फासे आणि नियमांचे एक जाडजूड पुस्तक. चौघांनी चार सैन्ये घ्यायची आणि काल्पनिक जगातले युद्ध खेळायचे, असा तो खेळ.

एवढे मोठे टेबल घरात नव्हते, म्हणून सपरीत जमिनीवरच रण मांडले. धानाची पोती आडवी घालून त्यावर चादर टाकली, त्या टेकड्या झाल्या. तणसाचे जंगल झाले. एका सैन्याला हत्ती कमी पडले, तेव्हा यजमानांच्या नातवाने तान्ह्या पोळ्याचे आपले दोन लाकडी नंदी आणून दिले. सर्पांच्या शेजारी ते नंदी फार शोभून दिसत होते. खेळाला जेमतेम सुरुवात झाली, तोच निम्मे फासे अंगणात उडून हरवले आणि त्यांच्या जागी फोडलेले चिंचोके आले.

खेळ ऐन रंगात असताना गावातले एक निवृत्त गुरुजी येऊन बसले. थोडा वेळ पाहून म्हणाले, "यात नवीन काय? चौघांचे, फाशांचे युद्ध आपल्याकडे पाच हजार वर्षांपासून आहे." आम्ही मान डोलावली खरी, पण संशोधनाची सवय वाईट असते. गुरुजींचे पहिले विधान बरोबर होते, दुसरे नव्हते. परत गेल्यावर आम्ही पुस्तके चाळली, त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

चौघांच्या युद्धखेळाचे पहिले स्पष्ट वर्णन आहे अल-बिरुनीचे, इ. स. १०३० च्या सुमाराचे. हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात तो सांगतो, की इथले लोक बुद्धिबळ चौघेजण मिळून दोन फाशांनी खेळतात. आठ गुणिले आठ घरांचा पट, प्रत्येक कोपऱ्यात एकेकाचे सैन्य. फाशाने ठरते की कोणती सोंगटी हलवायची. १ पडला तर राजा किंवा प्यादे, २ ला रुख, ३ ला घोडा, ४ ला हत्ती; ५ पडला तर तो १ धरायचा आणि ६ पडला तर ४. मारलेल्या सोंगट्यांवर पैजेचा वाटा ठरे: राजाचे ५, हत्तीचे ४, घोड्याचे ३, रुखाचे २, प्याद्याचा १. आपला राजा शाबूत ठेवून बाकी तिन्ही राजे मारले तर ५४ मिळत. हे ५४ कुठून आले? अल-बिरुनी हाडाचा गणिती होता. तो लिहितो, की याला गणिताचा आधार नाही, लोकांनी तसे मानले आहे इतकेच. हजार वर्षांपूर्वी पटाशेजारी बसून बेरीज जुळते का ते पाहणारा हा माणूस आम्हाला एकदम जवळचा वाटला.

शिक्षकांनी हा हिशोब वर्गात जरूर करावा. सहा बाजूंचा फासा आणि वरची अदलाबदल धरली, तर एका फाशावर राजा-प्यादे हलण्याची शक्यता एकतृतीयांश, हत्तीचीही तेवढीच. घोडा आणि रुख यांची मात्र एकषष्ठांश. म्हणजे प्रत्येक सोंगटीला तिची चाल होती, तशीच चालण्याची संधीही होती, आणि दोन्ही मिळून तिचे सामर्थ्य ठरे. चिंचोक्यांचे गणित आणखी वेगळे. चार अर्धे चिंचोके टाकले आणि दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात असे मानले, तर १६ प्रकारांपैकी पांढऱ्या बाजू शून्य किंवा चार येण्याचा प्रत्येकी एकच प्रकार, एक किंवा तीन येण्याचे प्रत्येकी चार आणि दोन येण्याचे सहा. पण दोन्ही बाजू खरोखरच सारख्या पडतात का? ते शंभर वेळा टाकून मोजल्याशिवाय कळणार नाही.

सोळाव्या शतकात बंगालमधल्या रघुनंदनाच्या 'तिथितत्त्व' या ग्रंथात हाच खेळ युधिष्ठिर आणि व्यास यांच्या संवादाच्या रूपाने येतो. तांबडे, हिरवे, पिवळे आणि काळे अशी चार सैन्ये. प्रत्येकात राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी. समोरासमोरचे दोघे मित्र. दुसऱ्या राजाच्या मूळ घरात आपला राजा नेऊन बसवला की त्याला 'सिंहासन' म्हणायचे, आणि सगळे राजे हाती आले की 'चतुराजी'. यातला एक नियम आम्हाला फार मार्मिक वाटला: मित्राचे सिंहासन बळकावले तर त्याचे सैन्य तुमच्या हुकमाखाली येते. दोघांच्या बुद्धिबळात असा प्रसंगच येत नाही. तिथे शत्रू एक आणि तो समोर. चौघांत मित्र केव्हा शत्रू होईल याचा नेम नसतो, आणि ज्याने नियम केले त्याने ही गोष्ट मान्य करून टाकली होती. सपरीत आमच्यातले जे दोघे एकमेकांचे दोस्त होते, त्यांच्यापैकी एकाने तिसऱ्या तासाला नेमके हेच केले. दुसरा रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच्याशी बोलत नव्हता.

आता पाच हजार वर्षांविषयी. विल्यम जोन्स यांनी १७९० मध्ये कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये या चौघांच्या खेळाची माहिती प्रसिद्ध केली. पुढे हायरम कॉक्स यांनी मत मांडले की हाच मूळ खेळ, दोघांचे बुद्धिबळ मागाहूनचे. १८६० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातले डंकन फोर्ब्स यांनी आपल्या बुद्धिबळाच्या इतिहासात हा उगम इसवी सनापूर्वी तीन हजार वर्षे इतका मागे नेला. पुराणांतले संवाद म्हणजे त्या त्या काळातल्या नोंदी, असे धरून त्यांनी हे गणित केले. म्हणजे गुरुजींचा आकडा परंपरेतून आलेला नव्हता, तो एका स्कॉटिश प्राध्यापकाच्या पुस्तकातून, अनेक हातांतून फिरत कोंढ्यापर्यंत आला होता. एच. जे. आर. मरे यांनी १९१३ मध्ये बुद्धिबळाचा प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला, त्यात ही बाजू उलटी केली. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त अष्टापद पट आणि चतुरंग यांचा श्लेष आहे. नवव्या शतकात अरबी लेखक दोघांच्या खेळावर ग्रंथ लिहीत होते. चौघांच्या खेळाचा स्पष्ट पुरावा मात्र अल-बिरुनीच्या आधी मिळत नाही. म्हणून दोघांचा खेळ आधीचा आणि चौघांचा नंतरचा, असे मानणे पुराव्याला धरून आहे. उद्या एखादे जुने हस्तलिखित मिळाले तर हे बदलेल, पण ते मिळेपर्यंत नाही.

महाराष्ट्राच्या जवळचा धागा यात आहे, आणि तो आम्हाला पाच हजार वर्षांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो ओवीमुळे, कारण महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख त्यात आहे. त्याच ग्रंथाच्या क्रीडांच्या भागात चतुरंगाचे वर्णन आहे. दोघांचे आहे आणि फाशांनी खेळायचे चौघांचेही आहे. म्हणजे उखळापाशी ओवी चालू असताना राजवाड्यात चार सैन्यांचा डाव मांडला जात होता. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात राजनीतीवरच्या 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाला जागा दिली. आणि १८१४ मध्ये, पेशवाई संपायला चार वर्षे उरलेली असताना, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर मुंबईत छापले गेले. ते युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेले होते. तिथे ना फासे, ना चौथा खेळाडू.

फासे का गेले? त्यांच्यावर जुगाराचा डाग होता, धर्मशास्त्राचाही रोष होता, आणि निव्वळ बुद्धीचा खेळ श्रेष्ठ ही समजूत हळूहळू पक्की झाली. पण फासे पूर्ण गेले नाहीत. ते युरोपात दुसऱ्याच दारातून आत आले.

ब्रन्सविकचे गणिती हेल्विग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळ वाढवून युद्धाचा खेळ केला. पटावर ६४ च्या जागी १६१७ घरे, आणि डोंगर, नदी, दलदल यांना वेगवेगळे रंग. पुढे प्रशियाच्या सैन्यातला तरुण अधिकारी रायस्वित्झ याने १८२४ मध्ये घरेच काढून टाकली. १ : ८००० प्रमाणाचा खरा नकाशा, सैन्य दाखवणारे ठोकळे, अंतर मोजायला पट्टी, आणि तोफेचा मारा किती लागला ते ठरवायला फासे. शिवाय मधे एक पंच. दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाला लिहून देत आणि जेवढे दिसणे शक्य आहे तेवढेच पंच त्यांना दाखवी. सेनापती म्युफलिंग यांनी हा खेळ पाहिला आणि सगळ्या सैन्याला त्याची शिफारस केली. रायस्वित्झला मात्र त्याचे यश पाहायला मिळाले नाही, त्याने १८२७ मध्ये आत्महत्या केली. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवले तेव्हा बाकीच्या सैन्यांनी हा खेळ उचलला.

घरात हा खेळ आणला एच. जी. वेल्स यांनी. जेवणानंतर जेरोम के. जेरोम यांच्यासोबत खेळण्यातल्या तोफेने शिशाचे शिपाई पाडता पाडता त्यांना नियम सुचत गेले, आणि १९१३ मध्ये, म्हणजे मरे यांचा इतिहास निघाला त्याच वर्षी, 'लिटल वॉर्स' प्रसिद्ध झाले. वेल्स यांना मनापासून वाटत होते, की युद्धाची हौस असणाऱ्यांनी ती जमिनीवर खेळून भागवावी. पुढच्या वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी १९७१ मध्ये मध्ययुगीन लढायांचे नियम छापले आणि शेवटी एक पुरवणी जोडली: जादूगार, सर्प, राक्षस. मूळ पुस्तकापेक्षा ही पुरवणीच गाजली. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ चा खेळ तिच्यातूनच वाढला, आणि १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये ज्या प्रकारच्या सैन्यांचा खेळ निघाला, त्या वंशातले ते खोके कोंढ्याला आले होते. (राक्षसांविषयी एक शंका यजमानांच्या नातवाने काढली: एवढा उंच प्राणी उभा कसा राहील? उंची दहापट केली की वजन हजारपट होते आणि हाडांच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपटच. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्येच यावर लिहून ठेवले आहे. पोराला कौतुक वाटले, पण राक्षस त्याने हलवला नाही.)

यजमानांचे थोरले भाऊ फौजेतून निवृत्त झालेले. ते खुर्चीवर बसून सगळा वेळ गप्प पाहत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "तुम्हाला सगळे सैन्य वरून दिसते आहे. आम्हाला समोरच्या टेकडीपलीकडचे कधीच दिसले नाही." रायस्वित्झचे नावही त्यांनी ऐकलेले नव्हते, आम्ही तरी तेव्हा कुठे वाचले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनाच पंच केले. सपरीच्या मधोमध दोरीवर चादर टांगली. दोन-दोन जण एकेका बाजूला. पण एका बाजूच्या दोघांनीही आपसांत बोलायचे नाही, हुकूम कागदावर लिहून दादांकडे द्यायचे. गुरुजींनाही एक सैन्य दिले. पाच हजार वर्षांचा विषय आम्ही चहाच्या वेळी हळूच काढला, फोर्ब्सचे नाव तेव्हा आम्हालाही माहीत नव्हते, त्यामुळे "पुरावा कोणता?" एवढेच विचारले. गुरुजींना ते आवडले नाही. "तुम्ही शोधा," म्हणाले, आणि कागदावर पुढचा हुकूम लिहू लागले. मागच्या महिन्यात 'मानसोल्लासा'तल्या त्या भागाची छायाप्रत आम्ही त्यांना पाठवली आहे. उत्तर अजून यायचे आहे.

त्या सकाळी दुपारच्या जेवणाआधी चादर खाली काढली तेव्हा दिसले, की आमच्या आणि गुरुजींच्या सैन्याची, म्हणजे एकाच पक्षाच्या दोन फौजांची, तणसाच्या जंगलात तासाभरापासून एकमेकांशी लढाई चालू होती. दोन्ही नंदी आडवे पडले होते.