तिरुवल्लिकेणीचा बर्फ आणि घरची मार्गारिटा

चेन्नईच्या पोस्टिंगवर आलेल्या मराठी फौजीला मे महिन्यात घामाखेरीज काही सुचत नाही. संध्याकाळी क्वार्टरमध्ये फळं, लिंबू, बर्फ आणि कॅन्टीनच्या कोट्यातली बाटली मिक्सरभोवती जमते, आणि कुणीतरी मार्गारिटाचं नाव काढतं. मद्य आणि फळांवर मग भरपूर चर्चा होते, बर्फाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. या शहरात तरी बर्फाला असं गृहीत धरू नये. त्याचा इतिहास इथे तिरुवल्लिकेणीत उभा आहे.

तिरु म्हणजे श्री, अल्ली म्हणजे कुमुद, केणी म्हणजे तळं. पार्थसारथी मंदिराच्या तळ्यावरून पडलेलं हे नाव इंग्रजांच्या तोंडी ट्रिप्लिकेन झालं. तिथून मरीनाकडे निघालात की समुद्रासमोर एक गोलसर, थोराड इमारत लागते. जुने लोक आजही तिला ‘आइस हाउस’ म्हणतात. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने ती १८४२ मध्ये बांधली, अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ साठवायला!

ट्यूडरचा हिंदुस्थानातला पहिला सौदा कलकत्त्याचा. १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी पोहोचलं, तेव्हा जवळजवळ १०० टन शिल्लक होता. सगळी करामत लाकडाच्या भुशाची. पुढच्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं, आणि यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने छापली. मद्रासचा मामला आणखी अवघड, कारण इथे बंदरच नव्हतं. जहाज दूर उभं राही आणि माल काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून, फुटत्या लाटांवरून किनाऱ्याला येई. रसद पोहोचवण्याचं काम ज्यांनी केलं आहे, त्यांनी जरा डोळ्यांसमोर आणावं: माल दर मिनिटाला वितळतो आहे आणि खाली लाट आहे.

ते ओझं वाहणाऱ्याच्या वाट्याला त्या गारव्यातलं काय आलं असेल? कंपनीच्या शिपायाचा पगार महिना सात रुपये. बर्फ साहेबांच्या टेबलासाठी होता. थोरोने ‘वॉल्डन’मध्ये आपल्या तळ्याचं पाणी मद्रास-मुंबईचे लोक पितील अशी कल्पना रंगवली आहे. कल्पना सुंदर आहे, पण ‘लोक’ म्हणजे कोण, हे मद्रासच्या किनाऱ्यावर उभं राहून विचारावंसं वाटतं.

बर्फ येण्याआधी गारवा सोऱ्याचा होता. सोरा पाण्यात विरघळला की पाणी थंड होतं; त्यात सुरई फिरवायची. ‘ऐने-अकबरी’त ही रीत नोंदली आहे. तोफेच्या दारूतही मुख्य भाग सोऱ्याचाच. एकाच कोठारातून दोन्ही दारूंची सोय!

आणि आंबट-गोड मद्य हेही आपल्याला परकं नाही. १७ व्या शतकात जॉन फ्रायर गोव्याजवळच्या नेरूळच्या अर्काबद्दल लिहितो, आणि त्यापासून इंग्रज करत असलेल्या ‘पंच’चं नाव पाच जिनसांवरून आलं असं सांगतो. अभ्यासक या व्युत्पत्तीवर अजून भांडतात. पण अर्क, लिंबू, साखर, पाणी, मसाला ही यादी पाहिली की मार्गारिटा दूरची वाटत नाही. तिचं झाडसुद्धा ओळखीचं आहे. शेताच्या बांधावर नि रेल्वेच्या कडेला दिसणारं, ज्याच्या वाखाचे दोर वळतात ते घायपात मेक्सिकोहून आलेलं, टकीलाच्या निळ्या अगाव्हेचं भाऊबंद. टकीला हे नाव फक्त मेक्सिकोच्या मालाला लावता येतं. पण दख्खनच्या घायपातापासून डेस्मंड नाझरेथ यांनी २०११ मध्ये देशी मद्य बाजारात आणलंच.

यंत्राचा बर्फ १८७० च्या दशकात आला आणि ट्यूडरचा धंदा बसला. इमारत बिलिगिरी अय्यंगारांनी घेतली. १८९७ च्या फेब्रुवारीत पश्चिमेहून परतलेले विवेकानंद तिथे नऊ दिवस राहिले. पुढे ती सरकारकडे गेली आणि सिस्टर सुब्बलक्ष्मींच्या आश्रयाला आलेल्या बालविधवा तिथे राहून शिकल्या. हिंगण्याची आठवण येणाऱ्या मराठी माणसाने तिथे जरूर डोकवावं. आज ते विवेकानंदर इल्लम आहे.

आता मिक्सरकडे. साधं माप: ६० मिली टकीला किंवा घायपाताचं मद्य, ३० मिली संत्र्याचं लिक्युअर, ३० मिली ताजा लिंबूरस. फळ घालायचं तर इथली कैरी घ्या, किळीमूक्कु, म्हणजे आपली तोतापुरी. मरीनावर तिच्या फोडी तिखट-मीठ लावून विकतात. फोडी आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. फळच गोठलेलं असलं की बर्फ मूठभर पुरतो आणि पेय पांचट होत नाही. कैरी आंबट, म्हणून लिंबू निम्मं करा आणि चमचाभर साखरेचा पाक घाला. हापूस असेल तर उलट: पाक नको, लिंबू पूर्ण. मिक्सरमध्ये आधी पातळ पदार्थ, मग फळ, शेवटी बर्फ, नाहीतर पातं अडकतं. पेल्याच्या काठाला लिंबाची फोड फिरवून मीठ नि लाल तिखट लावा, पण अर्ध्याच काठाला. ज्यांना मद्य नको त्यांच्यासाठी तेच मिश्रण सोड्यात करा. मुलं आमच्या घरी तेवढ्यासाठीच जागी असतात.