दस्त्याखालच्या पिशवीचे कूळ

इटलीतल्या तुरिन शहरात 1968 साली पिएरो गात्ती, चेझारे पाओलिनी आणि फ्रांको तेओदोरो यांनी एक बिनपायांची खुर्ची आखली. बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेईल अशी पिशवीच त्यांना हवी होती. आत द्रव भरायचा पहिला बेत वजनापायी बारगळला आणि त्या जागी पॉलिस्टायरीनचे फुगीर मणी आले. झानोत्ता कंपनीने ती ‘साक्को’ या नावाने विकली. आपल्या घरातली बीनबॅग याच वंशातली. माझे म्हणणे असे, की रॉकी पर्वतात एल्क हरणाच्या मागावर चढणारा शिकारी रायफलीच्या दस्त्याखाली जी हलकी पिशवी सरकवतो, तिचे भरण याच खुर्चीकडून आले.

बंदुकीला पुढून टेकू देणे जुनेच. सोळाव्या-सतराव्या शतकातले युरोपी मस्केटधारी बेचक्याची काठी बाळगत. पुढे दोन पायांचे टेकू, म्हणजे बायपॉड, आले. पण नेम ठरतो तो मागे. बायपॉड आणि दस्त्याखालचा आधार यांत 70 सेंटिमीटर अंतर धरले, तर दस्ता नुसता 1 मिलिमीटर वर-खाली झाल्याने 300 मीटरवर गोळी सुमारे 43 सेंटिमीटर चुकते. जनावर जखमी होऊन निसटायला एवढे पुष्कळ झाले.

मग ही मागची पिशवी आली कुठून? बरेच जण बेंचरेस्टकडे बोट दाखवतात. टेबलावर रायफल टेकवून नेमबाजी करण्याच्या या खेळाने अमेरिकेत 1940 च्या दशकात मूळ धरले. त्यातली चामडी पिशवी वाळूने ठासून भरतात, आणि सशासारख्या दोन उभ्या कानांमध्ये दस्ता बसतो. रूप जुळते, हे मान्य. पण ती पिशवी दगडासारखी घट्ट हवी, रायफल तिच्यावरून सरळ मागे घसरावी म्हणून. डोंगरातली पिशवी मुठीत दाबायची असते: दाबली की दस्ता उचलला जातो, सैल सोडली की खाली बसतो. कामच उलटे.

हे काम मला सापडले मोज्यात. अमेरिकी लष्कराच्या 1994 च्या स्नायपर-प्रशिक्षण पुस्तिकेत वाळू भरलेला मोजा दस्त्याखाली धरायला आणि दाबून उंची साधायला सांगितले आहे. कुळाचा मूळपुरुष हाच मोजा, असे मी ठामपणे म्हणतो. बेंचरेस्टने फार तर शिवण आणि कान दिले. आजही पाठीवरचे ओझे मोजणारे शिकारी वेगळी पिशवी न नेता पिसांचे जाकीट खोळीत कोंबून तेच काम भागवतात, ती या मोज्याचीच परंपरा.

मोज्यातल्या वाळूची जागा मण्यांनी घेतली ती वजनाच्या प्रश्नातून, तुरिनमध्ये होता त्याच. एक लिटर कोरड्या वाळूचे वजन दीड किलोच्या वर. तेवढेच मणी काही दहा-वीस ग्रॅम भरतात. वाळू भिजली की आणखी जड होते, थंडीत गोठते. मणी जवळजवळ पाणी धरत नाहीत. दोष एकच, जो बीनबॅगवाल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे: वापराने मणी चेपतात आणि पिशवी बसते.

म्हणून डोंगरासाठी पिशवी निवडताना कानांना भुलू नका. जमिनीवर पालथे पडा, दस्ता तिच्यावर टेकवा आणि मूठ आवळा. दस्ता सावकाश, हवा तेवढाच उचलला गेला आणि तिथेच थांबला, तर ती घ्या. मणी पुन्हा भरता येतील अशी चेन किंवा तोंड तिला आहे ना, एवढे मात्र पाहून घ्या.