क्रोमॅटोग्राफीची कुळकथा

ठेचलेला पाला पेट्रोलियम ईथरमध्ये ढवळला, तर द्रव पिवळा होतो. हिरवा रंग पाल्यातच राहतो. थोडे अल्कोहोल घातले की मात्र सगळेच रंग उतरतात. खरी गोम पुढे आहे. असा उतरवलेला हिरवा रंग वाळवून पुन्हा त्याच ईथरमध्ये टाकला, तर तो बिनतक्रार विरघळतो. मग पानात असताना त्याला कोण अडवून धरते? विसाव्या शतकाच्या तोंडावर मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने हा प्रश्न धसास लावला आणि त्यातून क्रोमॅटोग्राफी जन्मली.

त्स्वेतचा जन्म 1872 मध्ये इटलीतल्या आस्तीचा; आई इटालियन, वडील रशियन, शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये. 1896 मध्ये जिनिव्हाची डॉक्टरेट घेऊन तो रशियात गेला, तर तिथे ती पदवी कुणी मानेना. कझानला नवा प्रबंध लिहून तो वॉर्साला आला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते.

हिरव्या रंगाला पानात कोण अडवते, याच्या उत्तरासाठी त्याने पानाऐवजी साधा गाळणकागद घेतला. त्यात पानातले रंग जिरवले, कागद वाळवला आणि ईथरमध्ये बुडवला. कागदानेही पिवळे कॅरोटिन तेवढे सोडले, हिरवे धरून ठेवले! म्हणजे रंग पृष्ठभागाला नुसते चिकटून बसतात आणि प्रत्येकाची चिकाटी निराळी असते. हीच चिकाटी रंग निवडायला का वापरू नये? शंभरावर पदार्थांच्या भुकट्या त्याने या कामासाठी पारखल्या. 21 मार्च 1903 रोजी वॉर्सातल्या निसर्गअभ्यासकांच्या सभेत त्याने ही कल्पना मांडली. तंत्राचे बारसे झाले 1906 मध्ये, जर्मन वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात.

जेमतेम 2-3 मिलिमीटर रुंदीची काचेची नळी, तिच्यात ठासून भरलेली खडूची भुकटी. वरून पानांचा अर्क सोडायचा आणि मागोमाग शुद्ध द्रावक. हळूहळू हिरव्याची फोड होते: वर पिवळसर हिरवा पट्टा, त्याखाली निळसर हिरवा, आणखी खाली झँथोफिलचे पिवळे पट्टे. कॅरोटिन कुठेच न रेंगाळता खालून बाहेर पडते. मग खडूचा तो दांडा काडीने ढकलून बाहेर काढायचा, सुरीने पट्टे कापायचे आणि एकेक तुकडा अल्कोहोलमध्ये धुवायचा. रंग हाती येतो. हिरव्याचे दोन पट्टे पडले, अर्थात क्लोरोफिल दोन प्रकारचे.

रसायनशास्त्रज्ञांना हे पटले नाही. मार्ख्लेव्स्की या पोलिश रसायनज्ञाने त्स्वेतवर कडाडून टीका केली. वनस्पतींतल्या रंगांवरील कामासाठी 1915 चे नोबेल मिळवणाऱ्या रिखार्ड विलश्टेटरचा आक्षेप असा, की भुकटीला चिकटताना क्लोरोफिल बिघडते. वास्तविक क्लोरोफिल दोन असल्याचे पुढे त्याच्याच कामातून पक्के झाले. पण त्या काळी पदार्थ शुद्ध आहे हे सिद्ध करायचे, तर त्याचे स्फटिक दाखवावे लागत. विलश्टेटर वाळलेल्या पानांचे ढीग उपसत असे. त्स्वेतच्या नळीतून चिमूटभर रंग निघे. महायुद्धात वॉर्सा सुटले, विद्यापीठे बदलत गेली आणि 1919 मध्ये व्होरोनेझला, वयाच्या 47 व्या वर्षी त्स्वेत वारला.

पुढे दिवस पालटले ते जीवनसत्त्वांमुळे. कॅरोटिनपासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते हे कळल्यावर चिमूटभर रंगालाही मोल आले. हायडेलबर्गला रिखार्ड कून यांच्या प्रयोगशाळेत एडगर लेडरर अंड्याच्या बलकातल्या रंगांवर काम करत होता. त्स्वेतच्या 1910 च्या रशियन ग्रंथाचे जर्मन भाषांतर त्याच्या हाती पडले, आणि ते करून घेतले होते विलश्टेटरनेच! 1931 मध्ये खडूच्याच वाटेने जाऊन कून, विंटरश्टाइन आणि लेडरर यांनी दाखवले, की बलकातले एकच समजले जाणारे झँथोफिल हे मिश्रण आहे. तिथून नळी ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत पोचली. 1944 मध्ये रसायनज्ञ मार्टिन आणि सहकाऱ्यांनी गाळणकागदावरच अमिनो आम्ले वेगळी करून दाखवली; नळीऐवजी कागदाची पट्टी आली. क्रोमॅटोग्राफीच्या एका नव्या प्रकारासाठी मार्टिन आणि सिंज यांना 1952 चे नोबेल मिळाले.

आज हळदीचा अर्क सिलिकाच्या पातळ थरावर चालवला, तर कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडे असे तीन पिवळे ठिपके अलग दिसतात. हळदीत मेटॅनिल यलोची भेसळ असेल, तर तिचा ठिपकाही याच थरावर वेगळा पडतो. स्फटिकांचा आग्रह मागे पडला. पदार्थ नळीत वा थरावर किती धावतो, ही आता त्याच्या ओळखीची एक रोजची खूण आहे.