नास्तिकता, महाराष्ट्रातील

नास्तिकता, महाराष्ट्रातील : ईश्वराचे अस्तित्व न मानणे म्हणजे नास्तिकता, असा या संज्ञेचा आजचा रूढ अर्थ आहे. तिचा मूळ अर्थ मात्र असा नव्हता. पाणिनीच्या सूत्रावरील वृत्तिकारांनी परलोक मानणारा तो आस्तिक व न मानणारा तो नास्तिक, असा भेद केला. तर मनुस्मृतीने वेदाची निंदा करणाऱ्यास नास्तिक ठरविले. या दोन्ही व्याख्यांत ईश्वराचा प्रश्न येत नाही. यामुळेच जगाचा कर्ता म्हणून ईश्वर न मानणारी निरीश्वर सांख्य व पूर्वमीमांसा ही दर्शने आस्तिक गणली गेली. जैन व बौद्ध ही दर्शने परलोक व कर्मफल मानीत असूनही नास्तिक ठरली. वेद, परलोक व ईश्वर या तिन्हींना नकार देणारे असे चार्वाक किंवा लोकायत हेच एक दर्शन होय. माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात सर्वदर्शनसंग्रह  रचला, तेव्हा आरंभी त्याचीच मांडणी केली. नास्तिकता ही इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेली परकीय वस्तू आहे, हा समज म्हणूनच टिकत नाही. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ नष्ट झाल्याने त्यांची मते बहुतांशी प्रतिपक्षाच्या लेखनावरून जाणून घ्यावी लागतात. ‘कर्ज काढून चैन करणारा’ अशी चार्वाकाची जी प्रतिमा लोकांत रूढ आहे, ती या परिस्थितीतून निर्माण झाली आहे. प्रतिवादीने रेखाटलेल्या चित्रावरून वादीची परीक्षा करण्याचा हा प्रकार पुढेही चालू राहिला.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ‘नास्तिक’ हा शब्द तात्त्विक संज्ञा म्हणून क्वचित व शिवी म्हणून वारंवार वापरला गेला. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद एकेश्वरवादी होते. जातिभेद मोडण्यासाठी ते एकत्र भोजन करीत. प्रार्थनासमाज (१८६७) हा तर नावाप्रमाणेच उपासकांचा समाज होता. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांना त्यांच्या विरोधकांनी धर्मबुडवे म्हटले. आजही काही अभ्यासक त्यांना नास्तिकांच्या मालिकेत बसवितात. वस्तुतः सत्यशोधक समाजाचा (१८७३) पाया निर्मिकावरील श्रद्धा हा होता आणि त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक  या ग्रंथात या निर्मिकाला मध्यवर्ती स्थान आहे. मूर्तिपूजा, पौरोहित्य वा जातिव्यवस्था यांवरील टीका म्हणजे नास्तिकता नव्हे, हे त्या काळच्या सनातनी वर्गाला उमगले नाही. ते मान्य करणे त्याला सोयीचेही नव्हते.

आधुनिक महाराष्ट्रात ईश्वरविषयक संशय उघडपणे व सातत्याने मांडणारे पहिले प्रमुख विचारवंत म्हणजे गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५). कऱ्हाडजवळील टेंभू येथे गरीब घरात जन्मलेल्या आगरकरांवर मिल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा खोल परिणाम झाला. देवतांच्या कल्पना मानवी मनात कशा उद्भवल्या, याची स्पेन्सरच्या उपपत्तीच्या आधारे त्यांनी चिकित्सा केली. विश्वाच्या आदिकारणाविषयी मनुष्याला निश्चित ज्ञान होऊ शकत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून काटेकोरपणे बोलायचे झाल्यास त्यांना अज्ञेयवादी म्हणणे अधिक युक्त होय. लोकांनी मात्र त्यांना नास्तिकच म्हटले आणि आगरकरांनी त्या नावाची लाज बाळगली नाही. १८८८ मध्ये त्यांनी सुधारक  हे पत्र काढले. त्यातील लेखांनी चिडलेल्या पुण्यातील सनातन्यांनी ते हयात असताना त्यांची प्रेतयात्रा काढली.

ईश्वराचे भय नाही त्याला नीतीचे बंधन नाही, हा नास्तिकांविषयीचा सर्वांत जुना व चिवट गैरसमज होय. आगरकरांचे चरित्र हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले प्रत्युत्तर आहे. एम्.ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी न पतकरता निर्वाहापुरत्या वेतनावर शिक्षणकार्य करण्याचे त्यांनी विद्यार्थिदशेतच ठरविले व आपल्या आईला तसे कळविले. दम्याच्या विकाराने शरीर पोखरलेले असताना १८९२ पासून अखेरपर्यंत त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. आपल्या अंत्यविधीचा भार इतरांवर पडू नये म्हणून त्यांनी मृत्यूपूर्वी काही रुपये पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. नीतीचा आधार परलोकातील बक्षीस वा शिक्षा नसून मनुष्यजातीचे ऐहिक सुख हा आहे, हे त्यांचे प्रतिपादन होते. ते मान्य नसणाऱ्यांनाही त्यांच्या आचरणात दोष दाखविता आला नाही.

आगरकरांच्या घरातील व्यवस्था या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या लेखांइतकीच उद्‌बोधक आहे. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या व श्रद्धाळू होत्या. त्यांच्या व्रतवैकल्यांना आगरकरांनी आडकाठी केली नाही. वृत्तपत्रात रूढींवर कठोर प्रहार करणारा हा लेखक घरात सक्ती करीत नव्हता, याचे अनेकांना नवल वाटते. काहींनी यात विसंगतीही पाहिली. परंतु विचार हा पटवून देण्याचा विषय आहे, लादण्याचा नव्हे, या त्यांच्या भूमिकेशी हे वर्तन सुसंगतच होते. सार्वजनिक जीवनातही मैत्रीच्या आणि विरोधाच्या रेषा श्रद्धेनुसार आखलेल्या नव्हत्या. संमतिवयाच्या प्रश्नावर (१८९१) निरीश्वर आगरकर व ईश्वरनिष्ठ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे एका बाजूस होते. ज्या टिळकांबरोबर आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, ते दुसऱ्या बाजूस होते.

याच सुमारास मुंबईत घडलेला एक प्रसंग लक्षणीय आहे. इंग्लंडमधील प्रसिद्ध निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ हे १८८० मध्ये पार्लमेंटवर निवडून आले. परंतु शपथेच्या वादामुळे १८८६ पर्यंत त्यांना सभागृहात निर्वेधपणे बसता आले नाही. शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क देणारा कायदा त्यांच्याच प्रयत्नाने १८८८ मध्ये संमत झाला. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेच्या मुंबई अधिवेशनास आले, तेव्हा त्यांचे मोठे स्वागत झाले. स्वागत करणारांत बहुसंख्य हिंदू, पारशी व मुसलमान प्रतिनिधी आपापल्या धर्माचे आचरण करणारे होते. हिंदुस्थानाचा कैवार घेणाऱ्या पाहुण्याच्या पारलौकिक मतांची चौकशी करण्याचे त्यांना कारण वाटले नाही.

विसाव्या शतकात नास्तिकतेचे प्रवाह अनेक झाले. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत चालविलेल्या समाजस्वास्थ्य  मासिकातून संततिनियमन व लैंगिक शिक्षण यांबरोबरच बुद्धिवादाचा पुरस्कार केला. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत वेदान्त व धर्मशास्त्र यांचे अध्ययन केलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–९४) यांनी जडवाद  व हिंदुधर्माची समीक्षा  या ग्रंथांतून धर्माची तात्त्विक चिकित्सा केली. नास्तिकाला धर्म ठाऊक नसतो, म्हणून तो नास्तिक असतो, असे म्हणणाऱ्यांना हे एकच नाव पुरेसे आहे. नास्तिक तो साम्यवादी असणार, हाही एक प्रचलित समज. श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे साम्यवादी नेते निरीश्वर होते, हे खरे. पण हिंदुत्वाचे प्रणेते वि. दा. सावरकर (१८८३–१९६६) हेही कट्टर बुद्धिवादी होते. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे त्यांनी लिहिले आणि आपल्या देहाचे दहन धार्मिक विधी न करता विद्युत्‌दाहिनीत व्हावे, अशी इच्छा नोंदविली. ईश्वर नाकारल्याने राजकीय मत ठरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, तेव्हा दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना ईश्वर न मानण्याची प्रतिज्ञा होती. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध आहेत. निर्मात्या ईश्वरावर आधारलेली नसलेली, तरीही शील, वंदना, विहार व सण यांनी युक्त अशी ही जीवनपद्धती आहे. आस्तिक म्हणजे धार्मिक व नास्तिक म्हणजे अधार्मिक, हे सरळ समीकरण महाराष्ट्रात तरी लागू पडत नाही.

आस्तिक व नास्तिक यांच्यातील संवादाचे सर्वांत हृद्य उदाहरण वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात घडले. आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा (गोपराजू रामचंद्र राव, १९०२–७५) हे १९४० च्या दशकाच्या मध्यास तेथे गांधीजींना भेटले. नास्तिक हा ईश्वराला शिव्या देणारा असतो, असे समजणाऱ्यांना गोरांची भूमिका अनपेक्षित वाटेल. त्यांच्या मते अस्पृश्यता घालवायची, तर माणसाने दैवावरचा भार काढून तो स्वतःवर घेतला पाहिजे. गांधीजींनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, अनेकदा वाद केला. पण त्यांच्या कामाविषयीचा विश्वास कमी होऊ दिला नाही. गोरांनी आपली कन्या मनोरमा हिचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी ठरविला, तेव्हा तो सेवाग्राम येथे लावण्याचे गांधीजींनी मान्य केले. विवाहविधीतील ईश्वराच्या नावाचे काय करावयाचे, हा पेच होता. तेथे सत्याचे नाव घेण्यास गांधीजींनी संमती दिली. गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, हा विवाह ठरल्याप्रमाणे सेवाग्रामातच झाला. या भेटींची हकीकत गोरांनी पुढे ग्रंथरूपाने लिहिली (१९५१). दोघांपैकी कोणीही आपले मत सोडले नव्हते.

या परंपरेचा अलीकडचा धागा म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ. डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. ही संघटना नास्तिकांची आहे, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा होय. देव व धर्म यांना समितीचा विरोध नसून त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, अशी तिची जाहीर भूमिका असून तिच्या कार्यकर्त्यांत श्रद्धावानही आहेत. स्वतः दाभोलकर नास्तिक होते. ज्येष्ठ अभिनेते डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९) यांचे मत अधिक तीव्र होते. परमेश्वराला आता निवृत्त करावे, असे ते म्हणत. या दोघांनी एका व्यासपीठावरून आपले मतभेद मांडणारे कार्यक्रम गावोगाव केले व त्यांस श्रद्धाळू श्रोतेही येत. १९९८ पासून दाभोलकर ज्या साधना  साप्ताहिकाचे संपादक होते, ते १९४८ मध्ये साने गुरुजींनी काढलेले. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करणाऱ्या या भक्ताचे पत्र एका नास्तिकाने पंधरा वर्षे चालविले, ही गोष्ट महाराष्ट्रात कोणालाही विपरीत वाटली नाही.

जादूटोणाविरोधी विधेयकावरून मात्र संघर्ष झाला. त्यामुळे वारी, कीर्तन यांवर बंदी येईल, अशी भीती वारकरी संप्रदायातील काहींना वाटत होती आणि विधेयक अनेक वर्षे रखडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला व डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. त्याच्या शीर्षकात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. यात्रा, प्रदक्षिणा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन यांना कायदा लागू होणार नाही, अशी स्पष्ट तरतूद त्यात आहे. हत्येच्या खटल्यात मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोन आरोपींना जन्मठेप दिली व तिघांची निर्दोष मुक्तता केली.

शहरी वादविवादाइतकाच महत्त्वाचा प्रश्न खेड्यातील सहजीवनाचा आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, शिरूर तालुक्यातील निमोणे काय किंवा दौंड तालुक्यातील एखादे गाव काय, ग्रामदैवताची यात्रा व हरिनाम सप्ताह हे केवळ पूजेचे प्रसंग नसतात. वर्गणी, पंगत, कुस्त्यांचा आखाडा, परगावी गेलेल्यांचे परतणे असा सगळा गावगाडा त्यांत गुंतलेला असतो. येथे नास्तिकासमोर ईश्वर आहे की नाही, हा प्रश्न क्वचितच येतो. वर्गणी द्यावी की नाही, वडिलांचे दहावे करावे की नाही, असे प्रश्न येतात. कोणी वर्गणी देतो व आरतीस जात नाही. कोणी दशक्रियेऐवजी शाळेस देणगी देतो. कोणी आईसाठी सारे विधी करतो. यांपैकी एखाद्यालाच खरा नास्तिक म्हणणे फारसे उपयोगाचे नाही. तुकाराममहाराजांची पालखी याच जिल्ह्यातील यवत, वरवंड या मुक्कामांवरून पुढे जाते. कर्व्यांच्या बुद्धिवादी घरातील समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी वारीबरोबर चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. दिंडीत ब्राह्मण व मराठे यांची जेवणे वेगळी होतात, याची खंत त्यांनी त्यात नोंदविली. पण बरोबर चालणाऱ्यांविषयीचा त्यांचा जिव्हाळा लपत नाही.

कायद्याच्या दृष्टीने नास्तिकाची स्थिती क्रमाने सुधारली. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोंदणी विवाह करणारास आपण हिंदू, मुसलमान इ. धर्मांचे अनुयायी नाही, असे जाहीर करावे लागे. १९५४ च्या कायद्याने ही अट गेली. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या आधी सदसद्‌विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा उल्लेख आहे आणि पदाची शपथ ईश्वरसाक्ष घ्यावी की गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, याचा विकल्प तिसऱ्या अनुसूचीत दिलेला आहे. शासकीय अर्जात धर्म नमूद करण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही व ‘धर्म नाही’ असे सांगण्याचा नागरिकास हक्क आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३३ हजार व्यक्तींनी स्वतःची नोंद नास्तिक अशी केली. त्यांपैकी साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होत्या. प्रत्यक्ष संख्या याहून बरीच मोठी असावी; कारण ईश्वर न मानणारे पुष्कळजण धर्माच्या रकान्यात जन्मजात धर्माचेच नाव लिहितात.