लेवी : जमिनीचे वतन नसलेले सेवेकरी

वतन म्हणजे पिढीजात जमीन आणि पिढीजात हक्क. हा शब्द आपल्या खेड्यांत जसा रुळलेला, तसाच मराठी जुन्या करारातही. कनान देशात इस्राएलच्या इतर वंशांना अशी वतने मिळाली. लेवीच्या वंशाला मात्र नाही. परमेश्वरच त्यांचे वतन, असे नियमशास्त्राने ठरविले.

देशभर विखुरलेली ४८ नगरे व भोवतालची कुरणे त्यांना राहावयास मिळाली. लोकांनी उत्पन्नाचा दशमांश त्यांना द्यावा आणि त्यातील दशमांश त्यांनी याजकांना द्यावा, अशी व्यवस्था होती. वेदीवर यज्ञ अर्पिण्याचा अधिकार अहरोनाच्या घराण्याचा. बाकीचे लेवी पुढे मंदिराचे द्वारपाल, भांडारी व गायक झाले. दावीद राजाच्या काळी ४,००० द्वारपाल व ४,००० वादक असल्याची नोंद इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात आहे.

बाबिलोनच्या बंदिवासानंतर एज्राने नियमशास्त्र वाचले, तेव्हा लोकांना त्याचा अर्थ उलगडून सांगणारे लेवीच होते. पुढे त्यांचे वाटे मिळेनासे झाले आणि ते मंदिर सोडून आपापल्या शेतांकडे परतले. नहेम्याने त्याचा जाब लेव्यांना नव्हे, अधिकाऱ्यांना विचारला.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात १८७८ साली जेसुइट मिशनचे कार्य सुरू झाले. धर्मगुरू थोडे आणि खेडी अनेक. गावोगावचे मास्तर मुलांना अक्षरे व प्रार्थना शिकवीत, गायने बसवीत आणि धर्मगुरू नसताना रविवारची प्रार्थना चालवीत. मिस्सा अर्पिण्याचा अधिकार त्यांना नव्हता; तरी श्रद्धा घराघरांत रुजली ती त्यांच्यामुळे.

एक भेद मात्र मोठा आहे. लेवीपण जन्माने येई. आपल्याकडे महारकीचे वतनही जन्मानेच येई; त्यात मानापेक्षा वेठ अधिक, आणि १९५८ च्या कायद्याने ते रद्द झाले. मास्तरकी अशी जन्माने येत नव्हती. प्रभू येशूच्या दाखल्यातील लेवी जखमी वाटसरूला टाळून निघून गेला; बर्णबा या लेव्याने मात्र शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले. वंश एकच, सेवा मात्र ज्याची त्याने पत्करलेली.

इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले आणि लेव्यांची तेथील सेवा संपली. आसाफ आणि कोरहाचे पुत्र यांची नावे मात्र स्तोत्रांच्या शीर्षकांत टिकली. आपल्या मास्तरांची नावे किती धर्मग्रामांच्या दप्तरांत सापडतील? जुनी माणसे आहेत तोवर ती लिहून ठेवावीत. आज जे शिकवितात, गातात, मंदिराची दारे उघडतात, त्यांच्या वाट्याची काळजीही आपणच घ्यावयाची आहे.