मोबाईलवर भडक दिसणारा रंग छापल्यावर मलूल का होतो? समजून घ्या छपाईचे हे 7 शब्द

लग्नपत्रिकेचं डिझाईन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. त्यातला चमकदार निळा घरात सगळ्यांना आवडला. पण पाचशे पत्रिका छापून आल्या तेव्हा तोच निळा जांभळट आणि मळकट निघाला. मग प्रेसवाल्याशी वाद आणि पैसे पाण्यात. हे टाळायचं तर छपाईचे काही शब्द माहीत हवेत.

आरजीबी : मोबाईलची स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवते.

सीएमवायके : कागद स्वतः प्रकाश देत नाही. तिथे सायन (आकाशी), मजेंटा (गडद गुलाबी), यलो आणि काळी अशा चार शाया लागतात. 'के' म्हणजे 'की', अर्थात काळा. स्क्रीनवरचे काही भडक निळे, हिरवे आणि केशरी या चार शायांतून तयारच होत नाहीत. मशीन त्यांच्या जवळचा रंग छापतं आणि तिथेच घोळ होतो.

हाफटोन : ऑफसेट मशीनकडे फिकी शाई नसते. कागदावर शाई लागते किंवा लागत नाही. म्हणून फोटो बारीक ठिपक्यांत मोडतात. ठिपका मोठा तर रंग गडद, लहान तर फिका. लांबून पाहिलं की डोळा हे ठिपके एकत्र करतो. 4 मार्च 1880 रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'ने या तंत्राने फोटो छापला होता. 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी दादासाहेब फाळकेही ब्लॉक बनवण्याच्या आणि छपाईच्याच धंद्यात होते.

एलपीआय : एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी, हे यातून कळतं. वर्तमानपत्रात साधारण 85 ते 100, तर गुळगुळीत कागदाच्या मासिकात 150च्या आसपास. फोटोत याच्या दुप्पट पिक्सेल असावेत, म्हणूनच प्रेसवाले '300 डीपीआय' मागतात.

स्क्रीन अँगल : चारही रंगांच्या ठिपक्यांच्या ओळी वेगवेगळ्या कोनात ठेवतात. काळा 45, मजेंटा 75, सायन 15 आणि पिवळा 0 अंश, ही नेहमीची पद्धत. कोन चुकले की फोटोवर जाळीदार नक्षी उमटते. तिला मोआरे म्हणतात.

रजिस्ट्रेशन : चारही रंग अचूक एकमेकांवर बसणं. ते हललं की चेहऱ्याला रंगीत कडा दिसतात. वर्तमानपत्राच्या कडेला असलेले चार रंगांचे ठिपके छपाई तपासण्यासाठीच असतात.

डॉट गेन : शाई कागदात पसरून ठिपका फुगतो आणि फोटो अपेक्षेपेक्षा काळपट येतो. न्यूजप्रिंटवर हे जास्त होतं.

मग छपाईला देताना काय करायचं? फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर पिक्सेल कमी होतात. फाईल सीएमवायकेमध्ये आहे का, ते विचारा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे छापील प्रूफ मागा आणि रंग कागदावर बघूनच होकार द्या. स्क्रीनवर बघून दिलेला 'ओके' महागात पडू शकतो.