माईकचं कूळ

सप्ताहाच्या मांडवात माईक हाती आला की माणूस आधी त्याला टिचकी मारतो, मग फुंकर घालतो, मग ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात हे पाहिलंय, सौसरला पाहिलंय, सीमा ओलांडून महाराष्ट्रात सावनेरला गेलं तरी तेच. यातल्या टिचकीची एकेकाळी खरोखर गरज होती. माईकची पहिली चालती पिढी कोळशाची. १८७०च्या दशकाच्या अखेरीस एडिसन, बर्लिनर आणि ह्यूज यांनी थोड्याफार अंतरानं ती घडवली. पुढे डबीत कोळशाचे दाणे आले. आवाजानं वरचा पडदा हलला की दाणे दाबले जात, सैल होत, आणि त्यांतून वाहणारी वीज त्याच चालीनं कमीजास्त होई. कालांतरानं दाणे एकमेकांना धरून बसत, आवाज बसका होई. टिचकी मारली की मोकळे होत. कोळसा गेला, टिचकी अजून आहे. फुंकर मात्र कोणत्याच पिढीला मानवलेली नाही. १९३०च्या दशकातल्या रिबन माईकमध्ये केसाहून कितीतरी पातळ अशी धातूची पट्टी असे, ती एका फुंकरीनं ताणली जाई.

शब्द यंत्राहून जुना आहे. इंग्लंडातल्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८२७ साली, बारीक आवाज कानापर्यंत पोचवणाऱ्या एका बिनविजेच्या साधनाला ‘मायक्रोफोन’ म्हटलं होतं. १८७८ मध्ये ह्यूजनी तेच नाव आपल्या यंत्राला दिलं. मराठीनं ‘ध्वनिक्षेपक’ घडवला. आमच्याकडे परवानगीचा कागद हिंदीत, त्यावर ‘ध्वनि विस्तारक यंत्र’. तोंडी मात्र सगळीकडे माईकच.

ध्वनिमुद्रणात माईक उशिरा आला. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांनी गायलं ते कर्ण्यात तोंड घालून. कर्ण्याच्या टोकाची सुई आवाजाच्या जोरावरच तबकडी कोरी, म्हणून दमदार गळाच टिके. १९२५ पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि हळू गाणाऱ्यालाही जागा मिळाली. माझ्या मते गाण्याच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा न्याय आहे.

आता मुख्य गोष्ट. आज घरात रेकॉर्डिंग करू पाहणाऱ्याला दुकानदार दोन नावं सांगतो: कंडेन्सर आणि डायनॅमिक. ही दोन घराणी वेगळी वाटतात, पण दोघांच्या मुळाशी एकच माणूस आहे, अमेरिकेतल्या बेल कंपनीचे ई. सी. वेंट. १९१६ साली त्यांनी कंडेन्सर माईक केला: ताणलेला पातळ पडदा, मागे धातूची चकती, मध्ये जेमतेम फट. पडदा हलला की फट बदलते आणि वीज साठवण्याची क्षमता बदलते. पडद्याला वजनच नसल्यासारखं, म्हणून टाळाचा किणकिणाटही तो नेमका टिपतो. त्याला बाहेरून वीज लागते, आज बहुधा ४८ व्होल्ट. पुढे १९३१ मध्ये याच वेंट यांनी थुरास या सहकाऱ्याबरोबर हलत्या कॉइलचा माईक बाजारात आणण्याजोगा केला. तोच डायनॅमिक. पडद्याला तांब्याच्या बारीक तारेची कॉइल चिकटवलेली, ती चुंबकात हलते आणि स्वतःच वीज तयार करते. भोंग्याचं युनिट उघडून पाहिलं तर तीच कॉइल, तेच चुंबक, फक्त काम उलटं. म्हणजे माईक आणि भोंगा सख्खे भाऊ.

१९३९ मध्ये शुअर कंपनीचा युनिडाइन आला. एकाच कॅप्सूलमध्ये समोरचं ऐकणारा आणि पाठीमागचं टाळणारा. १९६६ चा एसएम५८ त्याच वंशातला. पाठीकडचा आवाज टाळण्यासाठी कॅप्सूलला मागच्या बाजूनं वाट ठेवलेली असते. गायक जाळीवर मूठ आवळतो तेव्हा ती वाट बुजते, आणि मांडवात शिट्टी वाजते.

तिसरी शाखाही बेलच्याच प्रयोगशाळेतली. सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये इलेक्ट्रेट माईक केला, विजेचा साठा पडद्यातच कायमचा भरून ठेवलेला. तो स्वस्त झाला आणि टेपरेकॉर्डरच्या कोपऱ्यात बसला. आमच्या भागातला पहिला होम स्टुडिओ तोच: प्ले आणि रेकॉर्ड ही बटणं एकदम दाबायची, आणि भजनामागे मोटरची घरघरही ऐकायची.

मी पहिल्यांदा कंडेन्सर घेतला. आईची भुलाबाईची गाणी त्यावर घेतली, आणि गाण्यामागे पंखा, टिनावरचा पाऊस आणि इटारसीकडे जाणारी मालगाडी असं सगळं आलं. माईक चांगलाच होता. तो शांत, कापडानं मढवलेल्या खोलीसाठी जन्मलेला, आणि आमची खोली सिमेंटची. भिंती आवाज परत फेकतात, तोही त्यानं इमानानं टिपला. नंतर डायनॅमिक घेतला, भिंतीला कापसाच्या गाद्या उभ्या केल्या, आईला माईकपासून एक वीत अंतरावर बसवलं. अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाई होते. म्हणून जवळ बसलेला गळा गाडीवर मात करतो.

हा सगळा खटाटोप आमच्या भागातल्या गाण्यांसाठी. पांढुर्णा आणि सौसर मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये जिल्हा झाला. १९५६ साली नागपूर सीमेपलीकडे गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. पण पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी आणि खंजिरी भजनं मराठीतच राहिली. ती गाणारे गळे म्हातारे होत आहेत. पहिला माईक घ्यायचा तर डायनॅमिकच घ्या, आणि यंदा कोजागिरीच्या आधी घरातल्या आजीला त्याच्यासमोर बसवा. पंखा बंद करायला विसरू नका.